खान, व्ही.

मकरपुऱ्यातल्या आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात
पगाराचं मशीन हिशेबाशी बोलत नव्हतं,
कँटीनचं आपल्याच तंद्रीत,
आणि स्टोअर तर कुणाशीच नाही,
नटुभाई परमारांसारखं,
अकरा वर्षं एका स्टुलावर.

मला बोलावलं ते यांचा अबोला सोडवायला.

म्हटलं, भिंती पाडायच्या नाहीत.
ज्याचं घर त्याचं, चूलही त्याचीच.
फक्त प्रत्येकानं एक खिडकी ठेवायची.
बाहेरून कुणी विचारलं तर काय सांगायचं, कुठल्या शब्दांत,
एवढं ठरवून घ्यायचं.
आत भांडी कशी लावलीत ते बघायला कुणी येणार नाही.
इंदिराबेन म्हणाल्या, एटले पूछपरछनी बारी?
तीच, म्हटलं.

खिडक्यांमधून निरोप नेणारी जी असते
तिला आम्ही बस म्हणतो.
नटुभाईंना वाटलं, बस म्हणजे पुरे.
मला आणखी एक अर्थ ठाऊक होता,
मराठी शाळेत दिवसातून वीसदा ऐकलेला.

सहा आठवड्यांनी, रात्री साडेनऊला,
पहिला प्रश्न सोडला चारी खिडक्यांवर:
चारशे सतरा नंबर. हा कोण?

पगार म्हणाला, यशवंत दौलत खानविलकर,
वाइंडिंग विभाग. मयत. खातं बंद, आठ नोव्हेंबर.
हिशेब म्हणाला, वाय. डी. खानवेलकर,
ग्रॅच्युइटी पत्नीस अदा.
कँटीन म्हणालं, खान, व्ही.
रोज एक थाळी, अकरा रुपये. चालू.
(आडनाव कुणीतरी मधूनच तोडलेलं.
ईदला कानाभाई त्यांना मुबारक म्हणायचा
आणि हे दुसऱ्या दिवशी घरून शिरखुर्मा आणायचे म्हणे.)
स्टोअर म्हणालं, जशवंतभाई.
टॉर्कचा पाना, एक. नेला. परत नाही.

पडद्यावर विचारणा आली: हे चौघे एकच का?
होय. नाही.

बोट होयवर ठेवलं आणि तिथंच थांबले.
कारण नियम मीच लिहिले होते.
चौघांचा एक झाला की बाकी आपोआप निघणार,
पाना तीन हजार आठशे चाळीस,
थाळ्या नोव्हेंबरपासूनच्या,
आणि बस, बिचारी, तिला काय,
वसुलीचं पत्र घेऊन कारेलीबागेत
एका बाईच्या दारात उभी राहणार.
इतके महिने तिला कुणी त्रास दिला नव्हता
कारण आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

सकाळी स्टोअरला गेले.
पाना खिळ्याला टांगलेला होता,
मुठीवर लाल रंगात य. खा.
नटुभाई म्हणाले, मुलगी आली होती डिसेंबरात,
वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन.
मग जमा का नाही केलात?
त्यांनी पावती पुढे सरकवली.
खाली रकाना होता: परत करणाऱ्याची सही.
ज्यानं नेला त्याचीच चालते, म्हणाले.
मुलीची कशी घेऊ? ती कुठे आपल्याकडे आहे?

खरंच, ती कुठेच नव्हती.
चारही मशीनांत तिच्यासाठी जागा नव्हती.

दुपारपर्यंत स्टोअरच्या खिडकीला
एक जादा उत्तर शिकवलं:
वस्तू आली. सही नाही. मागू नये.
मॅनेजर म्हणाले, असं स्टेटस कुठे असतं का?
म्हटलं, आजपासून आहे.
थाळ्यांचे पैसे तेवढे राहिले होते.
बंद तारखेपुढचं काही मोजायचं नाही,
हा नियमही लिहून टाकला,
मग होय दाबलं.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला
कानाभाई कागद हलवत वर आला.
आजे एक थाळी ओछी केम छे, बेन?
यादीनुसार तो रोज एक वाढतच होता,
आणि रोज थाळी रिकामी परत जात होती.

ती कोण खात होतं,
हे विचारायला आमच्याकडे खिडकी नव्हती.