पानी शेवटले

धुळ्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात.
पुरुष सर्जिकल, खाट तीन :
सुपडू नथू भदाणे, वय एकसष्ट,
पांझरेच्या फडावरचा पाटकरी.
चारीतला गाळ उपसताना फावडं नडगीवर बसलं.
त्यानं हळद भरली, वर तंबाखूची चिमूट,
आणि आठ दिवस पाण्यात उभा राहिला,
कारण बारी चालू होती.

आला तेव्हा गुडघ्याखाली
भाजलेल्या वांग्याचा रंग, आणि वास
व्हरांड्यापर्यंत.
मॅडमनी दोनदा कापून मेलेलं काढलं.
उरलेल्या खड्ड्यात मी काळा स्पंज बसवला,
कात्रीनं बेतून,
आई पोलक्याची बाही बेतायची तसा.
वर पारदर्शक फिल्म. दोन नळ्या :
एक आणणारी, एक ओढून नेणारी.
बटण दाबलं,
स्पंज मनुक्यासारखा आक्रसला
आणि वॉर्डात बारीक घरघर सुरू झाली.

मी समजावायला लागले :
सलाइन आत येईल, दहा मिनिटं थांबेल,
मग मशीन ते घाणीसकट ओढून घेईल,
साडेतीन तास ओढतच राहील, मग पुन्हा
त्यानं हात वर केला.
"बारी शे हाई."
त्यानंतर मला काहीच समजवावं लागलं नाही.

तिसऱ्या रात्री त्यानं उठवलं.
हिरवा दिवा. गळती नाही. दाब एकशे पंचवीस.
"ताई, पानी शेवटले पोची नई राह्यनं."
झोपा काका, म्हटलं, स्क्रीनवर सगळं बरोबर आहे.
"वरलासले भेटनं. खालला कोरडाच."
बोटानं फिल्मवरून दाखवलं :
नडगीपाशी थंड येतं,
पोटरीच्या वळणापर्यंत येतं,
घोट्यामागे नुसता ठणका.
चाळीस वर्षं या माणसानं
शेवटच्या वाफेवाल्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या.
मी नोंदवहीत लिहिलं :
रुग्णाचे म्हणणे, पाणी शेवटपर्यंत जात नाही.
लिहितानाच वाटलं, राउंडला हसतील.

हसल्याच.
मग मॅडमनी घोट्यामागे अंगठा दाबला
आणि हसू थांबलं.
फिल्म सोलली. चिमटा आत सरकवला,
तो जातच राहिला,
पेनाच्या टोपणाएवढा.
आत कप्पा होता, आणि कप्प्यात पू.
त्या रात्री स्पंजाची एक पट्टी तिथवर गेली,
तीस एमएलचे पंचेचाळीस झाले.
मी विचारायच्या आधीच तो म्हणाला,
"पोचनं."
आणि कुशीवर वळला, जमेल तेवढा.

रोज डबा बघायला मागायचा.
पाणी आधी कडक चहासारखं,
मग गुलाबी, मग तांदळाच्या धुवणासारखं.
कुठे जातं हे? ब्लीच टाकून मोरीत, मी सांगितलं.
त्याला पटलं नाही.
वापरलेलं पाणी, त्याच्या हिशेबात,
कुणाच्या तरी शेतात उतरायला हवं.

नवव्या दिवशी तळ लाल, दाणेदार,
भिजवलेल्या मसुरीसारखा.
मांडीची पातळ कातडी काढून वर लावली.
मशीन भाड्याचं, एका दिवसाचेही पैसे लागतात.
ते खाट पाचवर गेलं :
साहिल पिंजारी, ट्रकचा क्लीनर, एकोणीस वर्षांचा,
कपाळावर घाम, नळीकडे बघत
जणू नळी साप आहे.

पहाटे तीन.
खाट तीनवर म्हातारा टक्क जागा.
नळी नाही, ठणका नाही, कुणी हाक मारली नाही.
मी घड्याळ पाहिलं. साडेतीन तास झाले होते.
त्यानं अंधारातून आवाज दिला,
"भाऊ, घाबरू नको. आते थंड लागी."
झडप उघडल्याचा टिक असा आवाज आला.
"लागलं," पोरगा म्हणाला.
"शेवटलोंग?"
पोरगा डोळे मिटून
आपल्याच पायात शोधत राहिला.
मी नोंदवही उघडून
पेन हातात धरून बसले.