चालू स्थितीत

आचारसंहिता लागली की
सातारा शहर ठाण्यातल्या बाकावर आम्ही ओळीनं बसतो:
ऊसवाले, एक सराफ, कॅप्टन भोइटे,
आणि मी, पोवई नाक्यावरची औषधवाली.
प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी,
जणू रक्त तपासायला आलोत.

माझ्या पिशवीत आबांचं वॉल्थर.
सुभेदार रंगराव निकम, तडवळ्याचे.
एकोणसत्तर साली एका पारशाकडून घेतलं त्यांनी.
त्या पैशात कोरेगावला चार गुंठे आले असते,
हे आई त्यांना शेवटपर्यंत ऐकवत राहिली.
ते ऐकून घेत,
आणि तान्ह्याच्या टाळूला लावावं तसं
करंगळीनं स्लाइडला तेल लावत.

वारसनोंदीच्या वेळी कचेरीतला कारकून म्हणाला,
"कारण लिहा. जिवाला धोका आहे का कुणापासून?"
म्हटलं, साखरेपासून.
तो हसला नाही.
फाईल तेरा महिने हलली नाही.

महिन्यातून एक रविवार.
जरंड्याच्या पायथ्याला क्लबची जुनी खाण,
मागं मुरमाचा ढीग, पुढं पुठ्ठा.
चार गोळ्या. फार तर पाच.
रिकाम्या पुंगळ्या मोजून दिल्याशिवाय
नवी काडतुसं मिळत नाहीत.
गोळ्या मोजण्यातच जन्म गेला माझा,
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर;
या मोजताना मात्र ओठ हलतात.
एकदा एक पुंगळी कुसळात उडाली
तर शहात्तर वर्षांचे कॅप्टन
गुडघ्यांवर रांगत होते माझ्यासाठी,
आणि सापडल्यावर
त्यांनी ती आधी हुंगली.

नळी आखूड. माशी मुगाच्या दाण्याएवढी.
पंचवीस पावलांवर ते कुणाचंच ऐकत नाही.
दहावर ऐकतं,
तेही अर्धा श्वास सोडून
उरलेला अर्धा
शेजारणीची वाटी ठेवावी तसा
जपून बाजूला ठेवला तर.
तेवढ्यात उधारीची वही नसते,
शटर नसतं,
मुलाचा फोन आला की नाही हे नसतं.
फक्त माशी, आणि तिच्यामागं
धूसर होत गेलेला पुठ्ठा.

मग ते चावतं.
मागं येणारी स्लाइड, अंगठ्याच्या बेचक्यात,
दर वेळी त्याच जागी.
आबांच्या हातावरही तिथंच पांढरी रेघ होती.
लहानपणी मला वाटायचं, लढाईतली.
विचारलं की म्हणत,
"पाळलेलं आहे, कधीमधी चावायचंच."
आम्ही घरभर कुत्रं शोधायचो.

हवालदार शेडग्यांनी उलटसुलट केलं,
नंबर ताडून पाहिला.
"केवढंसं हे! खेळण्यातलं वाटतं.
चालतं का, ताई?"

मी पावतीसाठी हात पुढं केला.
बेचक्यातली ताजी खपली
त्यांना दिसली असावी.
पेनाचं टोपण दातात धरून
त्यांनी रकान्यात लिहिलं:
काळे, जुने, चालू स्थितीत.

खाली माझी सही.