एकाच बोअरचं पाणी

कन्नडच्या घाटात, चौथ्या वळणावर
जीप शिट्टी मारून थांबली
आणि मागे बसलेल्या लग्नाच्या बायकांनी
आमच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार केला.
आप्पा काही बोलले नाहीत.
खांद्यावरचा टॉवेल झाकणावर टाकला,
वाफ बसेपर्यंत दगडावर बसून राहिले.

म्हणून आज, रविवारी, चाळीसगावात
उन्हं अंगणात उतरायच्या आत
मी चार बोल्ट सोडले.
पाचवा सुटेना.
त्याला घासलेट पाजलं, दोन शिव्या दिल्या,
चहा पिऊन आले. मग सुटला.

पोत्यावर आडवा घातला रेडिएटर.
जाळीत काय काय निघालं:
जिनिंगच्या रस्त्यावरचे कापसाचे पुंजके,
पिवळी पाखरं, पंख शाबूत,
एक अख्खा भुंगा,
आणि कुणाच्या तरी पत्रिकेचा कोपरा,
त्यावर एवढंच उरलेलं: यायचं हं!

स्टँडवरचा झिपरू मेस्तरी म्हणाला होता,
"फेकी दे व माय, अॅल्युमिनियमना नवा लई ये."
पण हा जुना, पितळेच्या टाकीचा, तांब्याच्या नळ्यांचा,
दोघांनी उचलावा असा.
आमच्याकडे तांबं टाकत नाहीत.
मोडीत घालतानाही वजन दोनदा करून घेतात.

माय चिंचेचा गोळा घेऊन आली.
"हंडा घासस तसा घास. त्यामा काय एवढं."
आणि वाकलेल्या पाती बघून
परत आत गेली, माझी जुनी उवांची फणी शोधून आणली,
एकेक ओळ सरळ करत बसली,
माझी वेणी घालायची तेवढ्याच निर्दयपणे.
फणीचे तीन दात गेले.

मग पाइप लावून उलटं पाणी सोडलं, खालून वर.
आधी आलं गेरूसारखं,
मग चहासारखं,
मग थेंब थेंब. नळ्या बुजलेल्या.
कढत पाण्यात लिंबूसत कालवून ओतलं,
वरचं तोंड उघडं ठेवलं, फसफस बाहेर यायला,
आणि तासभर कुणी कुणाशी बोललं नाही.

दुपारी पालथा केला तेव्हा पडले पापुद्रे,
पांढरे, पिवळट, नखाएवढे,
आणि एक खडा. टणक. काटेरी.

आप्पा ओट्यावरून उठले.
आतल्या फळीवरची बाटली घेऊन आले,
धुळ्याच्या डॉक्टरनं ऑपरेशननंतर दिलेली,
पाहुण्यांना चहाआधी दाखवतात ती.
त्यातला खडा एका तळहातावर काढला,
दुसऱ्या तळहातावर जीपचा.
माय म्हणाली, शी.
आप्पा कितीतरी वेळ दोन्ही पारखत राहिले,
जळगावच्या सोनारानं पारखावं तसे,
मग म्हणाले, "मना मोठा शे."

अठ्ठावीस वर्षं
एक कॅन तिला, एक तांब्या त्यांना,
चाळीसगाव ते मालेगाव, दिवसाला तीन फेऱ्या.
तापली की आधी तिला पाजायचे.
स्वतःचं राहून जायचं.

म्हैस विकल्यापासून कोरड्या पडलेल्या टाक्यात
पाणी भरून रेडिएटर बुडवला,
सायकलच्या पंपानं हवा मारली.
तिसऱ्या नळीपाशी बुडबुडा. बारीक, चिकाटीचा.
झाळावं लागणार होतं.
नवसागर होता, कथील होतं.
आप्पांनी डागणी तापवली, हातात धरली,
नळीवर नेली, परत मागे घेतली,
आणि जणू काही विडी शोधायची आहे अशी
माझ्या हातात दिली.
कथील वितळून चमकलं, एक क्षण,
मग राखी पडलं. माझं झाळणं ओबडधोबड आहे.
पण बुडबुडा पुन्हा आला नाही.

बँकेच्या एसीखाली डबा लावून
सुपडू वॉचमननं आठवडाभर साठवलेलं पाणी,
त्यात हिरवं कूलंट,
गळ्यापर्यंत भरलं.
इंजिन अर्धा तास चालू ठेवलं.
काटा मध्यावर आला आणि तिथंच राहिला.
उद्या घाटात कळेल काय ते.

डब्यात तांब्याभर एसीचं पाणी उरलं होतं.
आप्पांनी तांब्या उजेडात धरून पाहिला.
"हाई मानूसले चालस का?"
नाही चालत, म्हटलं.
"बरं," म्हणाले,
तो तुळशीत ओतला
आणि माठातलं प्यायले.
बोअरचंच.