बाकांच्या खालची बाजू

जुलैत शाळेची किल्ली माझ्याकडे असते.
अंब्रोलाउरीच्या वरच्या अंगाला, रिओनीच्या काठी,
हिरव्या पत्र्याची दोन मजली शाळा,
बासष्ट बाकं, आणि मी, ओतिया सुतार.
मुख्याध्यापिका त्सियालाबाई सांगून गेल्या:
वरून रंधा मारा, वार्निश द्या,
आणि यंदा पाय जमिनीला बोल्टांनी जखडून टाका.
पोरं बाकं सरकवतात, रांगा मोडतात,
तपासणीला साहेब आले की बरं दिसत नाही.

बरं, म्हटलं. पैसे आगाऊ मिळाले होते.

बाकांची वरची बाजू मला पाठ आहे:
कर्कटकाने कोरलेली नावं, बदामातला बाण,
कुणाचं तरी खोडलेलं आडनाव,
आणि कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात सनावळ्या,
परीक्षेच्या दिवशी उतरवून घ्यायला.
त्यांच्यावरून रंधा फिरवताना माझा हात अडत नाही.
सनावळ्या भुसा होऊन पायाशी पडतात.
पोरांच्या डोक्यातूनही पडतात, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात,
तिथे रंधाही लागत नाही.

तेविसावं बाक डुगडुगत होतं
म्हणून उलटं केलं.

खाली, जिथे वार्निश कधी पोचलंच नव्हतं,
पेन्सिलीने लिहिलेलं:
नदी रात्री झोपत असेल तर सकाळी कुठून सुरू होते?
शेजारी दुसऱ्या हाताचं:
अक्रोडाची साल हिरवी, मग बोटं काळी का?
खाली उत्तर नाही, नुसता बाण,
आणि बाणाच्या टोकाला
लाकडावर दाबलेलं एक काळं बोट.

मग मी सगळीच उलटी केली.
खोडरबर पडलं, पेन घरंगळलं, अशा किती सबबींनी
वाकून वाकून लिहिलं असेल हे!
बर्फ पडताना कुत्रीसुद्धा गप्प का होतात?
आजोबा गेले, हे कुठल्या विषयात येतं?
आणि एकेचाळिसाव्या बाकाखाली, ठळक:
बोंदो मास्तरांना येत नसलं की ते खोकतात. मोजतोय.
त्यापुढे रेघा, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या.
मी मोजल्या. एकेचाळीस.

मी आठवीत शाळा सोडली.
सुतारपक्ष्याचं डोकं दुखत कसं नाही, एवढंच विचारलं होतं,
तर तासभर उभा होतो, तोंड भिंतीकडे.
पुढे मामाच्या कारखान्यात
त्याने अक्रोडाची फळी हातात दिली आणि जेवायला गेला.
तीन फळ्या मी बिघडवल्या.
चौथीला कळलं की लाकडाला जायची दिशा असते,
उलट गेलं की ते केस उभे करतं.
मामाने आधीच सांगितलं असतं
तर मान हलवून विसरलो असतो.
तीन फळ्यांचे पैसे मात्र त्याने पगारातून कापले.

वरून रंधा मारला. वार्निशचे दोन हात दिले.
खाली बोट लावलं नाही.
दोनशे अठ्ठेचाळीस बोल्ट खोक्यासकट
माझ्या कारखान्यात आहेत, मधाच्या रिकाम्या पेट्यांमागे.
मापाचे मिळाले नाहीत, मी सांगितलं.
त्सियालाबाईंनी एक बाक जरा तिरकं करून पाहिलं,
पुन्हा सरळ ठेवलं.
पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या.
त्याही याच शाळेत शिकल्यात.

सप्टेंबरात मी छपरावर पत्रा ठोकत होतो.
वरच्या वर्गातून पाय घासल्याचा आवाज आला,
लांबलचक, दात आंबवणारा. मग दुसरा.
वाकून पाहिलं: वाख्तांगची ईया
आख्खं बाक ओढत खिडकीपाशी निघालेली,
मागून तिघं-चौघं ढकलताहेत.
खिडकीच्या फळीवर काहीतरी होतं,
जिवंत असावं. छपरावरून नीट दिसेना.
हे काय आहे, मास्तर?
वर्गात शांतता झाली.

आणि बोंदो मास्तर खोकले.

हातोडी खाली ठेवून, पत्र्यावर खडूने
मी एक रेघ ओढली. बेचाळीस.