नो ड्यूज

शेवटच्या दिवशी संचालकांनाही
तो फॉर्म भरावाच लागतो.
ग्रंथालय, भांडार, कँटीन, गेस्ट हाउस, गाड्या,
आणि अगदी तळाशी, जुन्या टाइपरायटरच्या अक्षरांत
काचकाम विभाग.

शिपाई पाठवता आला असता.
तुम्ही स्वतः आलात, खांबेटे मॅडम,
शिरीषाच्या वाळक्या शेंगा तुडवत,
वर्कशॉपचं दार खांद्याने ढकलून.
(ते अजून अडतं. पाच अर्ज केलेत,
तीन तुमच्याच टेबलावर असतील.)

मी बर्नरवर होतो.
नळी मऊ झालेली असली
की मंत्री आले तरी उठता येत नाही,
हे तुम्हाला सांगावं लागत नाही.
स्टुलावरची धूळ ओढणीनं झटकून बसलात.
मी फुंकर घातली, फुगा फिरवत धरला,
आणि काच निवेपर्यंत
आपण दोघंही बोललो नाही.

मग रजिस्टर काढलं.
कापडी पाठीचं, एक कोपरा वाळवीनं चाखलेला.
'नियम म्हणजे नियम,' मी म्हणालो.
'काढा गुंजाळ, बघू काय काय बुडवलंय.'

पान एकशे बारा. सन एकोणनव्वद.
खांबेटे, कु. वै. द., संशोधक विद्यार्थिनी.
कंडेन्सर, दुहेरी कवच, नग एक.
परत केल्याची तारीख: कोरी.

माझ्या हातचा तो पहिला कंडेन्सर.
दस्तगीर मास्तर म्हणाले होते, वाकडा झालाय, फोड.
दारात तुम्ही होतात, दोन वेण्या, हातात चिठ्ठी.
'पाणी वाहतंय ना आतून? मग द्या की.'
एकोणीस वर्षांचा हेल्पर मी,
त्या संध्याकाळी पाषाणपासून मनपापर्यंत
बसमध्ये उभाच राहिलो, बसायला जागा असून.

तुम्ही चष्मा काढून पुसलात.
'तो फुटला, गुंजाळ. रात्री दोनला, एकटीच होते.
स्टायपेंडमधून कापतील म्हणून
तुकडे मागच्या सिल्व्हर ओकखाली पुरले.
इतकी वर्षं सह्या करतेय लोकांच्या चुकांवर,
ही कुणाला सांगितली नाही.'

मी खालचा खण उघडला.
सुयांच्या डबीत, कापसात,
एक जोड, अंगठ्याएवढा, जरा डावीकडे कललेला.
त्याच पावसाळ्यात मोरांनी उकरला होता.
स्वतःच्या हातचा बाक कोण विसरेल?

'तुम्हाला माहीत होतं?'
'हो.'
'बोलला का नाहीत?'
काय बोलणार, मॅडम.
तुम्ही तेव्हा आमच्याशी बोलायचात ना,
चहा प्यायला इथं यायचात, उकळत्या दुधावर लक्ष ठेवायचात.
आणि नंतर, दिल्लीच्या समितीनं
'काचकाम विभाग: अनावश्यक' असं लिहिलं तेव्हा
पाच मानांचा फ्लास्क ठेवलात त्यांच्यापुढे,
रावणाच्या धाकट्या भावासारखा,
म्हणालात, हा कॅटलॉगात शोधून दाखवा.
ते शोधत राहिले. जेवायची वेळ झाली.
आमच्या चौघांच्या नोकऱ्या
त्या दिवशी कँटीनच्या आमटीसारख्या
गरम राहिल्या.

तो जोड मी तुमच्यापुढे धरला, न्या म्हणून.
तुम्ही उजेडात फिरवून पाहिलात,
परत माझ्या तळव्यावर ठेवलात.
'सरकारी मालमत्ता आहे. डेडस्टॉकला दाखवा.'

मी लिहिलं: परत, अंशतः.
सही केली. शिक्का जरा तिरका पडला.

चारला सभागृहात शाल झाली, श्रीफळ झालं,
पेटंटांचा आकडा तिघांनी तीन वेगळा सांगितला.
मी शेवटच्या रांगेत होतो,
लक्ष निम्मं भट्टीकडे.
सकाळची नळी आत ठेवून आलो होतो.
पाचशे साठवरून रात्रभर उतरत जाते ती,
मध्येच दार उघडलं तर
आवाजही न करता तडकते.

उद्या तुमची खुर्ची नसेल, गाडी नसेल,
सवयीनं सात वाजता जाग येईल.
मी भट्टी उघडणार आहे दहानंतर.
स्टूल तिथंच आहे.
दार खांद्याने ढकला.