पिंपातलं इंजिन

कुडाळच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून
साडेचार हजारांत उचललेला कॉम्प्युटर.
एस्केपचं बटणच नाही.
(पळायचं तरी कुठे, समोर खाडी.)

सर्व्हरची फाईल रात्रभर उतरत होती.
रेंज फक्त रातांब्याच्या शेंड्याला,
म्हणून मोबाईल दुधाच्या पिशवीत घालून वर टांगला
आणि सकाळी काढला, फणस काढावा तसा,
आधी टिचकी मारून:
भरलाय की अजून कच्चा?

मासेमारी बंदीचे शेवटचे दिवस. होड्या झापांखाली.
बाबांच्या अंगणात मात्र अकरा इंजिनं रांगेत,
आणि मधोमध पाण्याचं निळं पिंप.
काठाला इंजिन आवळायचं, दोरी ओढायची,
पिंपभर वादळ.
मग कान लावून ऐकायचं, काय दुखतंय त्याला.

आत मी. पडद्यावर लाल ओळ:
पोर्ट ऐंशी मोकळं नाही.
बाबा दारात, हातांना रॉकेलचा वास.
"काय झाला?"
"बंदर अडलंय."
"खयचा?"
"ऐंशी नंबरचं. आधीच कुणीतरी नांगर टाकून बसलंय."
"मग भांडतंस कित्याक?
देवगडाक गाळ साचलो तर विजयदुर्गाक लावतंव मा?
बाजूक लाव."

आठ हजार ऐंशीला लावलं.
लागलं.

पान उघडलं, कोरं, वर नुसता पत्ता:
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
स्वतःच्याच दारात टाकलेलं पत्र,
ना पोस्टमन, ना तिकीट.

"ह्या कोणाक दिसतला?"
"कुणालाच नाही. ह्या खोलीपुरतं आहे."
"मुंबयक?"
"नाही."
"शेजारी?"
"नाही."
बाबांनी मागे वळून पिंपाकडे बघितलं.
कॉलेजात सरांना हे सांगायला दोन तास लागले होते.
"पण पिपात चलला म्हणान," ते म्हणाले,
"दर्यात चलतला असा नाय."
त्याला तर सरांकडेही उत्तर नव्हतं.

त्यांची ग्रीसच्या बोटांची वही मला यात उतरवायची होती:
कुणाची होडी, कोणतं इंजिन, काय बदललं, किती येणं.
आधी मालकाचं नाव घातलं, विश्राम.
उमटली सात प्रश्नचिन्हं.
अक्षरं तीन, आणि चिन्हं सात!
वेलांटी वेगळी, काना वेगळा,
जोडाक्षराचा मोडका पायसुद्धा वेगळा मोजलेला.
"बरोबर हा," बाबा म्हणाले,
"बँकेत पण माका असाच बघतत."
तासाभराने एक सेटिंग सापडलं,
आणि नाव परत नावासारखं झालं.
ते मात्र बराच वेळ पडद्यासमोरून हलले नाहीत.

मग विचारलं, हळू:
"खरंच कोण बघणार नाय मा?"
"नाही."
"तर पयली ओळ लिही.
दाऊद सोलकर, मरियम स्टार. तेरा वर्सां झाली.
इम्पेलर जुनो घातलंय,
पैशे नव्याचे घेतलंय."

माझी बोटं थांबली.
"पिपात चललो होतो," बाबा म्हणाले.
"भायर तापान बंद पडलो. दोन रात्री दर्यात होतो दाऊद.
माकाच दोरी टाकूक बोलयल्यान.
अजून माझ्याकडेच येता तो इंजिन घेवन."

वहीत हे पान नव्हतं.
मी लिहिलं. 'येणं' या रकान्यात
पहिल्यांदाच उणे चिन्ह टाकलं.
एंटर.

बाहेर पिंपातलं पाणी निवत होतं,
वर तेलाची रंगीत साय.
रांगेत चौथं इंजिन सोलकरांचं.
बाबांनी खोक्यातून नवा इम्पेलर काढला,
मग तो ठेवला, दुसरा काढला,
उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवला.

एक तारखेला होड्या सुटल्या.
माझं पान अजून सुटलेलं नाही,
काही ना काही बिघडतंच आहे.
रात्री जेवताना बाबा विचारतात,
"ती ओळ हा मा अजून?"
"आहे."
"रवांदे," म्हणतात,
आणि ताटातला काटा बाजूला काढतात.