माणसं किती

नेरुळच्या आमच्या सिडको फ्लॅटचा ओटा
शरयूने शिवणाच्या टेपने मोजला:
मिक्सर आणि फिल्टरच्या मध्ये
सव्वा फूट, तेही मिठाची बरणी सरकवली तर.
डॉक्टरांनी माझ्या कागदावर 'तळण' लिहून
त्यावर दोनदा काट मारली होती,
म्हणून हा खटाटोप.

वाशीच्या दुकानातला पोरगा हुशार.
टोपली ओढून दाखवली, काच दाखवली,
पंधराशे वॅट म्हणाला. शरयूने विचारलं,
गीझर चालू असताना मेन पडेल का?
चिकटलेली वडी कशी सोडवायची?
घंटी किती मोठ्याने वाजते? हे दुपारी झोपतात.
(हे म्हणजे मी. मी वाकून
मशीनचे रबरी पाय उगाच तपासत होतो.)

मग त्याने विचारलं, "घरात माणसं किती?
दोघांना चार लिटर पुरे."

शरयू थांबली. "दोघंच," म्हणाली,
"पण अळूवड्या तळल्या की वास डक्टमधून वर जातो
आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुंजम्मा
रिकामी वाटी घेऊन खाली येतात.
ह्याचा वास जातो का वर?"

पोरगा खुलला. "अजिबात नाही मावशी, तेच तर..."
आणि पुढचं गिळलं.

आम्ही सहा लिटरचा घेतला.
मावेना; मिक्सर फ्रिजवर गेला.
पहिली वडी कोरडी, कडेला करपलेली.
शरयूने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि गॅलरीच्या ग्रिलला गाल लावून
वर हाक मारली.